संगणकाची चिठ्ठी आणि डॉक्टरांची सही

दवाखान्यातील संगणक, त्यावरून छापून येणारे प्रिस्क्रिप्शन आणि त्यात साठवले जाणारे केसपेपर यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. रुग्णांकडून, डॉक्टरांकडून आणि मेडिकल दुकानदारांकडून पत्रे आली. त्यांतील सात प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः फिजिशियन आहे आणि गेली दहाहून अधिक वर्षे माझ्या दवाखान्यातील सर्व नोंदी संगणकावर आहेत. उत्तरांत कायदा आणि नियम आहेत, तसे माझे अनुभव आणि माझ्या चुकाही आहेत.

माझ्या आईला संधिवात आहे. तिच्या प्रिस्क्रिप्शनवर मेथोट्रेक्सेटची गोळी ‘रोज एक’ अशी छापून आली. मेडिकलमधल्या काकांना शंका आली म्हणून आम्ही दवाखान्यात फोन केला, तेव्हा ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असल्याचे कळले. संगणक असूनही अशी चूक कशी होते? हाताने लिहिलेली चिठ्ठीच बरी नव्हती का?
— एक वाचक, कोल्हापूर

सर्वांत आधी त्या मेडिकलमधल्या काकांचे आभार माना. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. ते रोज घेतले गेले तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेचे काम मंदावते, पांढऱ्या पेशी घटतात आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. अशा चुका जगभर झालेल्या आहेत.

आता चूक कुठे झाली ते पाहू. बहुतेक औषधे रोज घ्यायची असतात, म्हणून सॉफ्टवेअर तयार करणारे ‘किती वेळा’ या रकान्यात ‘रोज’ हा शब्द आधीच भरून ठेवतात. डॉक्टरांनी तो मुद्दाम बदलला नाही, तर तोच छापला जातो. हाताने लिहिताना डॉक्टरला प्रत्येक शब्द स्वतः लिहावा लागत असे. येथे न लिहिलेला शब्दही कागदावर उमटतो आणि तो इतक्या सुबक अक्षरांत उमटतो की कोणाला शंका येत नाही. अमेरिकेतील एका औषध-सुरक्षा संस्थेने २०१४ पासून आग्रह धरला आहे की, तोंडावाटे घ्यायच्या मेथोट्रेक्सेटसाठी सॉफ्टवेअरने ‘आठवड्यातून एकदा’ हेच आधी दाखवावे आणि रोजचा डोस निवडला गेला तर कारण विचारावे. आपल्या डॉक्टरांना ही सूचना सांगा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक औषधासाठी हा बदल करून घेता येतो. शिवाय चिठ्ठीवर वार लिहून मागा. ‘फक्त सोमवारी’ हे दोन शब्द घरातल्या कोणालाही समजतात.

मात्र हाताची चिठ्ठी बरी होती, असे मी म्हणणार नाही. इन्सुलिनच्या ‘युनिट’साठी इंग्रजी ‘यू’ हे एकच अक्षर लिहिण्याची सवय होती आणि घाईत लिहिलेला तो ‘यू’ शून्यासारखा दिसून ४ युनिटची ४० युनिट झाल्याची उदाहरणे वैद्यकात सुपरिचित आहेत. लॅसिक्स हे लघवीचे औषध आणि लोसेक हे आम्लपित्ताचे औषध यांची हस्ताक्षरात इतकी गल्लत होऊ लागली की, अमेरिकेत लोसेकचे नावच बदलावे लागले. छापील चिठ्ठीने हा धोका जवळजवळ संपवला आणि ही मोठी गोष्ट आहे. पण जुने धोके गेले तसे नवे आले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, संगणकावर औषधे लिहिण्याची पद्धत स्वतःच २२ प्रकारे चुकांना वाट करून देते, असे दाखवून दिले होते.

त्यांतला एक प्रकार माझ्याच टेबलावर घडला. आपण औषधाच्या नावाची पहिली तीन अक्षरे टाइप केली की खाली यादी उघडते. इंग्रजीत ‘एम-ई-टी’ टाइप केल्यावर मेटफॉर्मिन, मेथोट्रेक्सेट, मेटोप्रोलॉल आणि मेट्रोनिडाझोल अशी चार औषधे एकाखाली एक दिसतात. पहिले मधुमेहाचे, दुसरे संधिवाताचे, तिसरे रक्तदाबाचे व हृदयाचे, चौथे जंतुसंसर्गाचे. एका सोमवारी, बाहेर गर्दी असताना, मधुमेहाच्या एका आजींना मला मेटफॉर्मिन ५०० द्यायचे होते आणि माझे बोट मेटोप्रोलॉल ५० वर पडले. आकडेही एकमेकांना इतके जवळचे की नजर अडखळली नाही. कागद छापून आला, मी सही केली. माझ्याकडे अठरा वर्षे काम करणाऱ्या सिस्टरांनी तो आजींना समजावून सांगायला हातात घेतला आणि मला विचारले, “डॉक्टर, आजींना बीपीची गोळी आजपासून सुरू केलीत का? साखरेची यात दिसत नाही.” त्यांनी विचारले नसते तर काय झाले असते, हे मला आजही नकोसे वाटते.

त्या दिवसापासून मी एक पद्धत पाळतो. कागद छापून आल्यावर पडद्याकडे पाहायचे नाही, कागद हातात घ्यायचा आणि प्रत्येक ओळ रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवायची: ही गोळी साखरेची, ही बीपीची, ही आठवड्यातून एकदा. गोळी कशासाठी आहे हे तोंडाने म्हणावे लागले की चुकीची गोळी जिभेवर अडते. सही त्यानंतरच.

सॉफ्टवेअर धोक्याच्या सूचनाही देते, मग त्या का पुरत नाहीत, असे आपण विचाराल. त्या इतक्या येतात की डॉक्टर त्या न वाचता बंद करू लागतात. किरकोळ गोष्टीसाठी दिवसातून पन्नास वेळा लाल चौकट आली, तर एकावन्नाव्या वेळी ती खरी असली तरी बोट आपोआप ‘बंद करा’वर जाते. म्हणून मी माझ्या सॉफ्टवेअरमधल्या किरकोळ सूचना कमी करून घेतल्या आणि ॲलर्जी, गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार व जीवघेणी औषधजोडी यांच्याच सूचना ठेवल्या.

मी सातारा जिल्ह्यात सत्तावीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. कपाटभर केसपेपर आहेत. मुलगी आता माझ्याबरोबर प्रॅक्टिस करणार आहे आणि सर्व काही संगणकावर घ्यावे असा तिचा आग्रह आहे. एवढा जुना साठा टाइप कोण करणार? आणि सॉफ्टवेअर निवडताना काय पाहावे?
— एक डॉक्टर, सातारा जिल्हा

जुना साठा टाइप करूच नका. हा सल्ला मी अनुभवाने देतो, कारण सुरुवातीला मी दोन मुलांना बसवून तसे करून घेतले आणि त्यांनी ‘१०० मिग्रॅ’च्या जागी अनेकदा ‘१००० मिग्रॅ’ भरले होते. जो कागद आपण लिहिला तो आपल्यालाच वाचता येतो.

त्याऐवजी, रुग्ण पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याचा जुना केसपेपर समोर घेऊन चार गोष्टी स्वतः किंवा मुलीने भराव्यात: कशाची ॲलर्जी आहे, कोणते जुने आजार आहेत, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या आणि सध्या कोणती औषधे किती डोसमध्ये चालू आहेत. याला चार-पाच मिनिटे लागतात. मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण दर एक ते तीन महिन्यांनी येतातच, त्यामुळे ज्यांच्या नोंदींची खरी गरज आहे ते सगळे वर्षभरात संगणकावर आलेले असतात. आपल्याकडेही पुष्कळ जुन्या दवाखान्यांप्रमाणे एका कुटुंबाचे एकच पाकीट असेल आणि काही कार्डांच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘पेनिसिलिन’ असे, म्हणजे त्याची ॲलर्जी असल्याचे, लिहून खाली दोन रेघा मारलेल्या असतील. त्या लाल कोपऱ्याइतकी मौल्यवान नोंद दुसरी नाही. ती पहिल्या दिवशी भरा आणि तिचा फोटोही जोडून ठेवा. पाकिटे जपून ठेवा.

सॉफ्टवेअर निवडताना विक्रेता पडद्यावरचे रंगीत आलेख दाखवील. आपण त्याला एकच प्रश्न विचारा: “उद्या मी तुमचे सॉफ्टवेअर सोडले, तर माझ्या रुग्णांच्या नोंदी मला कोणत्या स्वरूपात परत मिळतील?” मी ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर प्रथम घेतले होते ती काही वर्षांनी बंद पडली आणि हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी माझ्या हाती आल्या त्या नुसत्या पानांची चित्रे म्हणून. एका रुग्णाची सहा वर्षांची साखर एका ओळीत पाहायची, तर सहा वर्षांची पाने उलटावी लागत. औषध, डोस, तारीख, तपासणीचा आकडा हे वेगवेगळ्या रकान्यांत आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील असे परत मिळाले पाहिजेत. यासाठी केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींची मानके २०१३ मध्ये आणली आणि २०१६ मध्ये सुधारली. आजार आणि लक्षणे यांना समान संकेत देणारी स्नोमेड ही जागतिक शब्दावली भारत २०१४ मध्ये सदस्य झाल्यापासून देशात विनामूल्य वापरता येते आणि या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. विक्रेत्याला ही नावे माहीत नसतील, तर दुसऱ्याकडे जा.

बॅकअपविषयी थोडे कडक बोलतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात अनेक दिवस कागद-पेनावर काम चालवावे लागले. आपल्याकडे वीज जाते, हार्ड डिस्क बिघडते, चोरी होते. आठवड्याला एक प्रत दवाखान्याबाहेर गेली पाहिजे, आणि तिमाहीत एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली पाहिजे. न उघडलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे. छापील कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा टेबलाच्या खणात कायम ठेवा.

दवाखान्यातील प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड द्या. सर्वांचा मिळून एक पासवर्ड असेल, तर नोंद कोणी बदलली हे कधीच कळत नाही. व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत आणि माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या दवाखान्याला एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही, पण रिसेप्शनच्या संगणकावर रुग्णाचे नाव आणि निदान उघडे ठेवून चहाला जाण्याची सवय आता सोडावीच लागेल.

शेवटचे, टेबलाच्या मांडणीविषयी. पडदा आपल्या आणि रुग्णाच्या मध्ये ठेवू नका; बाजूला असा ठेवा की रुग्णालाही तो दिसेल. रुग्ण बोलत असताना हात कीबोर्डवरून काढून घ्या. आपल्या गावात रुग्ण डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहून अर्धा बरा होतो आणि सत्तावीस वर्षांची ती मिळकत एका यंत्रापायी जाऊ देऊ नये.

अनेक ग्राहक डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो दाखवून औषध मागतात. द्यावे की नाही?
— एक औषधविक्रेते, लातूर

औषध नियमांतील नियम ६५ प्रमाणे प्रिस्क्रिप्शन लेखी असावे, त्यावर डॉक्टरांची सही व तारीख असावी, रुग्णाचे नाव-पत्ता असावा आणि औषधाचे एकूण प्रमाण व डोस नमूद असावा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला आणि इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता दिली आहे. त्यापुढे, २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर सही केलेल्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो, स्कॅन किंवा डिजिटल प्रत ईमेलने अथवा मेसेजिंग ॲपवर पाठवू शकतात. म्हणजे केवळ फोटो आहे म्हणून नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही असली पाहिजे. नुसते ‘मेसेजमध्ये नाव टाइप केले’ हे प्रिस्क्रिप्शन नव्हे. अनुसूची एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतील औषधे आणि अमली पदार्थ कायद्याखालील औषधे टेलिमेडिसिनवरून लिहिताच येत नाहीत, ती अशा फोटोवर अजिबात देऊ नयेत.

खरी अडचण वेगळी आहे. कागदी चिठ्ठीवर औषध दिल्यावर आपण दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकता, त्यामुळे तीच चिठ्ठी दुसऱ्या दुकानात पुन्हा चालत नाही. फोनवरच्या फोटोला शिक्का मारता येत नाही. तोच फोटो दहा दुकानांत दाखवता येतो. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत हे गंभीर आहे. अशा औषधांवर जादा नियंत्रण ठेवणारी अनुसूची एच-१ ही यादी मार्च २०१४ पासून लागू आहे आणि तिच्यातील औषधांसाठी डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण यांची वेगळी वही तीन वर्षे जपावी लागते. अशा औषधांसाठी फोटोचा प्रिंट काढा, त्यावर शिक्का मारा, प्रत फाइलला लावा आणि शंका आली तर चिठ्ठीवरच्या नंबरवर न बोलता दवाखान्याचा नंबर स्वतः शोधून फोन करा.

एस्टोनियात २०१० पासून प्रिस्क्रिप्शन एका मध्यवर्ती ठिकाणी साठवले जाते. रुग्ण ओळखपत्र दाखवतो, दुकानदार तेथून चिठ्ठी उघडतो आणि औषध दिल्याची खूण तेथेच होते. आपल्याकडे चिठ्ठी अजून बहुतांशी रुग्णाच्या हातातून किंवा फोनमधूनच मेडिकलमध्ये पोचते, म्हणून अंतिम पहारा आपल्यावर आहे. वर कोल्हापूरच्या पत्रातले काका आठवा.

रुग्णालय म्हणते, नवे सॉफ्टवेअर आल्यामुळे वडिलांचे जुने रेकॉर्ड देता येत नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

सॉफ्टवेअर बदलणे हे कारण होऊ शकत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे ठेवायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. रुग्णाला केसपेपरची प्रत मिळाली पाहिजे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्यावर तारीख व वेळ लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.

‘आभा’ क्रमांक काढला तर माझा मानसोपचाराचा इतिहास प्रत्येक डॉक्टरला आणि कामाच्या ठिकाणीही दिसेल का? ही भीती मला फार सतावते.
— एक वाचक, नाशिक

आपली भीती मी हलकी मानत नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि त्यातला आभा हा १४ अंकी आरोग्य-खाते क्रमांक ऐच्छिक आहे. तो नसला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. या क्रमांकात आपले केसपेपर साठवलेले नसतात. नोंदी जिथे तयार झाल्या त्या दवाखान्याच्या किंवा रुग्णालयाच्या संगणकावरच राहतात. आपण कोणती भेट आभाशी जोडायची ते ठरवता आणि दुसऱ्या डॉक्टरने पाहायची विनंती केली, तर कोणत्या नोंदी, कोणत्या काळातल्या आणि किती दिवसांसाठी, याची संमती आपल्या फोनवर मागितली जाते. ती नाकारता येते, दिलेली काढूनही घेता येते. मानसोपचाराची भेट जोडली नाही, तर ती या मार्गाने कोणाला दिसत नाही. नोकरी देणाऱ्याला यात थेट प्रवेश नाही.

शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने आपल्या आजाराविषयी व उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि तो कागदाला लागू आहे तसाच संगणकालाही. मला अधिक काळजी वाटते ती जवळच्या फटींची: रिसेप्शनवर मोठ्याने उच्चारलेले औषधाचे नाव, दवाखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला रिपोर्ट, विम्याच्या अर्जाबरोबर विचार न करता दिलेली पूर्ण फाइल. आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट विचारा की माझी नोंद त्यांच्याकडे कोण कोण उघडू शकते. हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही.

एक विनंती मात्र करतो. मानसोपचाराची नोंद झाकून ठेवलीत तरी चालू गोळ्यांची नावे प्रत्येक डॉक्टरला सांगा. लिथियम हे मानसोपचारातले औषध चालू असताना कोणी वेदनाशामक गोळ्या दिल्या, तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. निदान सांगितले नाही तरी चालेल, गोळीचे नाव सांगा.

सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येत आहेत. त्यांच्या चिठ्ठ्यांवर सगळी कंपन्यांची नावे आहेत. इथले डॉक्टर तर आमच्याकडे न पाहता पूर्ण वेळ संगणकावरच टाइप करतात. आम्ही काय तयारी करावी?
— एक वाचक, न्यू जर्सी

भारतातील चिठ्ठीवर तिथली फार्मसी औषध देणार नाही. तिथे परवाना असलेल्या डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन लागते आणि ते बहुधा संगणकावरून थेट फार्मसीत जाते. म्हणून पुण्यातील डॉक्टरांकडून एका पानावर प्रत्येक औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि कारण लिहून घ्या. वैद्यक परिषदेच्या विनियमांत २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार डॉक्टरांनी मूळ नावे वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या लिपीत लिहायची आहेतच. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधे असतात, त्यांतले प्रत्येक वेगळे लिहून घ्या. औषधे मूळ पाकिटांतच सोबत आणा. काही मूळ नावेही तिथे वेगळी आहेत: आपले पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड.

आता जी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही ती सांगतो. ग्लिक्लाझाइड आणि व्हिल्डाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळ्या आपल्याकडे घरोघरी आहेत, पण अमेरिकेत त्या विक्रीस नाहीत. त्यामुळे तिथल्या सॉफ्टवेअरच्या यादीत त्या सापडत नाहीत आणि डॉक्टर किंवा नर्स त्या नुसत्या मजकुरासारख्या टाइप करतात. मजकूर म्हणून लिहिलेल्या औषधाची दुसऱ्या औषधाशी होणारी टक्कर संगणक सहसा तपासत नाही. सासूबाई ग्लिक्लाझाइड घेत असतील, तर ‘ही साखर खूप खाली आणू शकणारी गोळी आहे’ हे डॉक्टरांना आपण तोंडाने सांगा.

डॉक्टर पडद्याकडे का पाहतात, यालाही इतिहास आहे. अमेरिकेच्या २००९ च्या हायटेक कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांना मेडिकेअर या तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य-विम्यातून प्रत्येकी ४४,००० डॉलरपर्यंत प्रोत्साहन दिले आणि नंतर न ठेवणाऱ्यांचे पैसे कापले. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात तर २७ मार्च २०१६ पासून इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शन बंधनकारक झाले. नोंदी भराभर वाढल्या आणि त्यांच्यावर बिलाची गरजही लादली गेली. विस्कॉन्सिनमधील कुटुंब-डॉक्टरांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११.४ तासांच्या दिवसातले ५.९ तास संगणकावर जात असल्याचे आढळले. त्या डॉक्टरांनाही हे आवडत नाही. वरचे एक पान त्यांच्या हातात दिलेत, तर टाइप करण्यातला त्यांचा वेळ वाचेल आणि तो सासूबाईंच्या वाट्याला येईल.

माझे वडील मराठी चौथीपर्यंत शिकले आहेत. संगणकाची चिठ्ठी इंग्रजीत येते. ती मराठीत मिळू शकत नाही का?
— एक शिक्षिका, बीड

मिळू शकते आणि मिळालीच पाहिजे, या मताचा मी आहे. औषधाचे नाव इंग्रजीत राहू द्यावे, कारण मेडिकलमध्ये ते तसेच लागते. पण त्याखालची सूचना मराठीत हवी. अनेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, फक्त ती सुरू केलेली नसते. डॉक्टरांना तसे सांगून पाहा.

ही सोय सुरू केल्यावर डॉक्टरांनी छापील मराठी स्वतः वाचली पाहिजे. जुन्या फॉन्टमुळे जोडाक्षरे फुटतात. अर्ध्या गोळीचा अपूर्णांक काही प्रिंटरवर नुसता चौकोन म्हणून छापला जातो, म्हणून तिथे ‘अर्धी’ असे अक्षरांतच लिहावे. अमेरिकेत इंग्रजीतला ‘वन्स’, म्हणजे ‘एकदा’, हा शब्द भाषांतर न होता स्पॅनिश लेबलवर राहिला तर तिथे त्याचा अर्थ ‘अकरा’ होतो, हा धोका संशोधकांनी दाखवून दिला आहे. आपल्याकडे ‘एसओएस’चे भाषांतर ‘गरज पडल्यास’ असे छापले जाते. कसली गरज, किती वेळा, दोन गोळ्यांमध्ये किती तासांचे अंतर, यांतले काहीच त्यात नसते. ‘१-०-१’, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हेही सर्वांना कळते असे नाही. माझ्या एका रुग्णाने मधले शून्य पाहून त्या दिवशी दुपारचे जेवण टाळले होते.

मी आता माझ्या चिठ्ठीवर अशी ओळ छापतो: ‘सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी, रात्री जेवणानंतर एक गोळी, साखरेसाठी, पुढच्या भेटीपर्यंत चालू.’ आणि तापाच्या गोळीसाठी: ‘अंग तापले तरच एक गोळी, पुन्हा घ्यायची तर सहा तासांनी, दिवसात चारहून जास्त नाही.’ सॉफ्टवेअरमध्ये अशी वाक्ये एकदा तयार करून ठेवली की पुन्हा टाइप करावी लागत नाहीत. माझी साठ-सत्तर वाक्ये तयार व्हायला दोन रविवार लागले. आपण शिक्षिका आहात. वडिलांच्या डॉक्टरांना अशी दहा-बारा वाक्ये सुवाच्य मराठीत लिहून नेऊन द्या, आणि त्यांनी ती भरली की पहिली छापील चिठ्ठी वडिलांनाच मोठ्याने वाचायला सांगा. जिथे ते अडखळतील, ते वाक्य बदलून घ्या.